बुद्धिबळातून सामाजिक शास्त्रांचे अध्यापन

बुद्धिबळातून सामाजिक शास्त्रांचे अध्यापन म्हणजे बुद्धिबळाचा पट, मोहऱ्यांची नावे आणि खेळाचे नियम यांच्या आधारे इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणे होय. आर्मेनियात २०११ पासून बुद्धिबळ हा प्राथमिक शाळेतील सक्तीचा विषय आहे. तेथे खेळ शिकवला जातो. या पद्धतीत मात्र खेळातील प्रावीण्य हा हेतू नसून पट हे केवळ अभ्याससाधन असते.

मोहरी आणि इतिहास

प्राचीन भारतातील चतुरंग हा खेळ हत्ती, घोडदळ, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवर आधारलेला होता. तो इराण व अरब प्रदेशांतून युरोपात पोहोचला. मराठीतील शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतून आले. मराठी पटावर रथ उरला नाही. उंट मात्र आहे. युरोपात वजिराची राणी झाली आणि १५ व्या शतकाच्या अखेरीस ती सर्वांत प्रबळ मोहरे ठरली. मराठीत वजीर वजीरच राहिला. कोल्हापुरातील विद्यार्थ्यांना येथे महाराणी ताराबाईंचे उदाहरण जवळचे आहे. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर त्यांनी मोगलांविरुद्धचा लढा पुढे चालवला व नंतर पन्हाळा-कोल्हापूरच्या स्वतंत्र गादीचा पाया घातला. ज्या प्रदेशात राणीने राज्य राखले तेथील पटावर राणी का नाही, हा प्रश्न नुसत्या सनावळीपेक्षा अधिक बोलका आहे.

नागरिकशास्त्र

प्याद्याच्या बढतीवरून सामाजिक गतिशीलतेची चर्चा करता येते. देशी पद्धतीत शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याला त्या उभ्या पट्टीतील मूळ मोहऱ्याचाच दर्जा मिळे. आंतरराष्ट्रीय नियमांत निवडीची मुभा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेला, मागासवर्गीयांसाठी संस्थानातील ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवणारा आदेश याच संदर्भात अभ्यासता येतो.

समान संधीचे उदाहरण खुद्द खेळाच्या इतिहासातच आहे. १९७६ साली रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. त्यावरून उठलेला वाद उच्च न्यायालयात गेला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

मर्यादा

पटावर दोन्ही बाजूंचे बळ प्रारंभी समान असते. इतिहासात तसे क्वचितच घडते. डावातील बरोबरी म्हणजे तहही नव्हे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये राज्याची वाटणी झाली आणि वारणेच्या दक्षिणेकडील प्रदेश कोल्हापूरकडे राहिला. अशी वाटणी बुद्धिबळात शक्य नाही. शिवाय पटावर सैन्य आहे, रयत नाही. शेतसारा, दुष्काळ, बाजारपेठ हे विषय त्यामुळे पाठ्यपुस्तक व नकाशाच्या साहाय्यानेच शिकवावे लागतात.