फटफटीच्या मागच्या सीटवरून

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला आणि बोलणं फटफटीवर गेलं ते तासभर थांबेना. म्हणून आज फटफटीचाच इतिहास सांगायचं ठरवलं.

आपल्या पालघर-बोईसरकडे जुनी माणसं मोटारसायकलला फटफटीच म्हणतात. नाव तिच्या आवाजावरून पडलं. जावा चेकोस्लोव्हाकियाची, राजदूत पोलंडच्या नमुन्यावरची, पण फटफटी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बुलेटच येते. ती मूळची विलायतेची. इंग्लंडच्या रेडिच गावातल्या रॉयल एनफिल्ड कंपनीने पहिली मोटारसायकल 1901 साली काढली. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. लष्कराने बुलेट पसंत केली आणि 1955 साली मद्रासला कारखाना निघाला. आधी सुटे भाग तिकडून यायचे, इथे नुसती जोडणी व्हायची. मग सगळी गाडीच इथे बनू लागली. पुढे 1970 ला इंग्लंडमधलं उत्पादन बंद पडलं आणि 1977 पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला विकायला जाऊ लागली. माहेर मिटलं, पण सासरी नांदलेली लेक माहेरच्या गावात पुन्हा मिरवली म्हणा ना!

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 ला सुरू झालं. पुढे एमआयडीसीत कारखाने वाढले, बाहेरून नोकरदार आले, तशा रस्त्यावर फटफट्याही वाढल्या. आमच्या गटातल्या मावश्या सांगतात, चिंचणीच्या रस्त्याने बुलेट निघाली की दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि पोरं अंगणातून रस्त्यावर धावायची. ती चालू करणं हेही एक कामच. हँडलजवळची छोटी दांडी दाबायची, काट्याकडे बघत किक हळूच खाली न्यायची, मग जोर लावायचा. चुकलं तर किक उलटी बसून पाय सुजायचा. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट.

हे सगळं आम्हाला ठाऊक, कारण आम्ही मागे बसून बघितलं. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पोर, हातात पिशवी, आणि सगळं लक्ष पदराकडे. चाकात पदर गुंतून किती बायका पडल्या, काही जिवानिशी गेल्या. म्हणून मागच्या चाकाला जाळी आली, आपण तिला साडीगार्ड म्हणतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 वा नियम याचाच आहे: मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि निम्मं तरी चाक झाकलेलं हवं. तरीही गाडी शोभत नाही म्हणून पोरं जाळी काढून टाकतात. जीव कोणाचा जातो ते त्यांना विचारा.

विलायतेतही ही गाडी पुरुषांचीच समजत. तरी बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईने 1934 मध्ये नॉर्टन गाडी ताशी 106 मैल पळवली, म्हणजे जवळजवळ 170 किलोमीटर. त्याच वर्षी डिसेंबरात थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी पँथर मोटारसायकलला साईडकार जोडून लंडनहून निघाल्या. सहारा वाळवंट ओलांडून 1935 च्या जुलैत आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, केपटाऊनला पोचल्या. हे सांगितलं तर बैठकीतली एक मावशी म्हणाली, "आणि आमच्या सुनेला बोईसर बाजारापर्यंत गाडी देत नाहीत!"

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गटातून गाडीसाठी कर्ज घेताना मात्र एक बघा. हप्ता बाई फेडते आणि आरसी बुकावर नाव नवऱ्याचं, असं आपल्याकडे फार होतं. शोरूममध्ये कागद भरतानाच आपलं नाव लिहायला सांगा, नंतर बदलायला पुन्हा आरटीओच्या खेपा पडतात. आणि साडीगार्ड बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.