वऱ्हाडची रुई आणि कॅन्टनची कपबशी

चीनमधल्या कॅन्टन बंदराची रंगीत कपबशी दोन गावांत तयार होई. पांढरेशुभ्र भांडे घडे जिंगडेझेनला. काओलिन माती आणि कुटलेला पांढरा दगड एकत्र मळून ते सुमारे १३०० अंशांवर भाजत. निळी नक्षी झिलईखालची, म्हणून ती तिथेच काढून होई. बाकीचे रंग झिलईवर चढत. त्यामुळे कोरी भांडी नदीवाटेने आणि मेइलिंगचा घाट ओलांडून कॅन्टनला येत, गिऱ्हाइकाच्या पसंतीने रंगत आणि पुन्हा मंद आचेवर भाजली जात. १७६९मध्ये विल्यम हिकी या इंग्रजाने तिथल्या एका लांब दालनात शंभरावर माणसे रंगकामाला बसलेली पाहिली. त्यांत म्हातारे होते, तशी सहा-सात वर्षांची पोरेही.

चिनी पेल्याला कान नसे. बिनकानाचे पेले एकात एक बसत आणि पेटीत जास्त मावत. कान लागला तो युरोपीय गिऱ्हाइकासाठी. चहाला ओल सोसत नाही, म्हणून भांड्यांच्या पेट्या जहाजाच्या तळाशी आणि चहा वर, अशी रचना असे. १७५२मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजाच्या अवशेषांतून पुढे सुमारे दीड लाख भांडी वर काढली गेली.

या मालाचे पैसे कोण मोजत होते, हा खरा प्रश्न. कॅन्टनला खपेल असे युरोपियांकडे फारसे काही नव्हते आणि चिन्यांना चांदी हवी असे. ती चांदी उभी केली हिंदुस्थानच्या कापसाने. मुंबईचे पारशी आणि इंग्रज व्यापारी कापूस कॅन्टनला विकत, आलेली चांदी ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या तिजोरीत भरत आणि बदल्यात हुंड्या घेत. १८२३च्या सुमारास अफू पुढे गेली. तोवर हिंदी मालात कापूसच अव्वल होता.

वऱ्हाड या साखळीत उशिरा आले. अमरावतीचा कापूस आधी बैलांवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, जवळपास ५०० मैल. १८२५-२६ साली निजामाशी सावकारी करणाऱ्या विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला पहिली मोठी खेप धाडली: ५०० बैल, १,२०,००० रत्तल रुई, किंमत २५,००० रुपये. बैलामागे २४० रत्तल पडले.

ही रुई मुंबईहून लिव्हरपूलला गेली, असा पक्ष मांडता येतो. १८२५मध्ये तिथे कापसाचे भाव कडाडले होते खरे, पण वर्ष संपण्याआधीच ते कोसळले. शिवाय आखूड धाग्याची, कचरामिश्रित हिंदी रुई लँकेशायरच्या यंत्रांना रुचत नसे. चीनच्या हातचरख्यांवर मात्र ती चाले. तेव्हा या खेपेचा बराच भाग कॅन्टनलाच उतरला असणार, हाच तर्क अधिक जुळतो.

याला एक हरकत आहे, आणि ती वजनदार आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१मध्येच चिनी भांड्यांची घाऊक खरेदी थांबवली होती. मग वऱ्हाडच्या कापसाचा कपबशीशी संबंध कुठला? संबंध खाजगी व्यापाराचा. त्यानंतर भांडी आणली ती जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी, म्हणजे कापूस घेऊन जाणाऱ्यांनीच. कंपनी बाजूला झाली, तसा कापूस आणि कपबशी यांचा सांधा उलट घट्ट झाला.

१८४२च्या नानकिंग तहाने कॅन्टनची मक्तेदारी मोडली आणि १८५५मध्ये ताइपिंग बंडात जिंगडेझेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. १८७०मध्ये खामगावला आगगाडी पोचली, तोवर वऱ्हाडचा कापूस विलायतेकडे वळला होता आणि बाजारात स्टॅफर्डशायरची छापील नक्षीची भांडी आली होती.