दिनविशेष : १६ जानेवारी
१९६७ : गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यावर जनमत कौल. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे : विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आधीच पायउतार झाले होते. विरोधातला एक मोठा आवाज मात्र मराठीच होता : मडगावचे दैनिक ‘राष्ट्रमत’. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले; घटक राज्याचा प्रश्न पुढे वीस वर्षे लोंबकळला. मतदारांनी नाकारलेली गोष्ट कधी वेगळ्या रूपात परतते : २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना नाकारली, तरी तिचा बराचसा भाग २००९ मध्ये लिस्बन कराराच्या रूपाने लागू झाला. गोव्यात मात्र विलीनीकरण परतले नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे २५वे राज्य झाले.