पुणे ते सासवड: एका डोंगररांगेचे चार घाट

पुण्याच्या दक्षिणेला सिंहगडापासून पूर्वेकडे भुलेश्वरापर्यंत एक डोंगररांग गेली आहे. तिच्या उत्तरेचे पाणी मुळा-मुठेला मिळते आणि दक्षिणेचे, सासवडच्या बाजूला, कऱ्हा नदीला. कऱ्हेच्या काठी सासवड आहे. नकाशावर पुणे आणि सासवड अगदी शेजारी दिसतात, रस्त्यानेही अंतर तीस-बत्तीस किलोमीटरच भरते. तरी या दोन गावांमध्ये ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सरदार असो, वारकरी असो की सायकलस्वार, आधी घाट कोणता धरायचा हे ठरवावे लागते. पश्चिमेकडून पूर्वेकडे कात्रज, बोपदेव, दिवे आणि शिंदवणे असे चार घाट या रांगेत आहेत. रांग पूर्वेकडे उतरत जाते. त्यामुळे पश्चिमेचे घाट उंच आणि पूर्वेचे तुलनेने सौम्य आहेत. घाटांच्या निवडीचा सारा इतिहास या उताराला धरून घडला आहे.

पेशवाईच्या आरंभी सासवडचे महत्त्व पुण्याहून कमी नव्हते. बाळाजी विश्वनाथांचा मुक्काम सासवडला असे आणि १७२० मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांची समाधी सासवडला आहे. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि कारभार पुण्यात स्थिरावला. त्यानंतरही सासवडचे पुरंदरे आणि पुण्याचे पेशवे यांचा घरोबा टिकून राहिला. दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ असलेला मस्तानी तलाव त्याच काळाची आठवण देतो. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी लागते. त्यामुळे तलावाची जागा वाटसरूंच्याही सोयीची होती.

त्याआधीचा एक प्रसंग घाट कसा निवडला जातो हे फार चांगले दाखवतो. मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांची फौज १४ मार्च १६६५ रोजी पुण्याहून पुरंदरच्या मोहिमेवर निघाली. सरळ दक्षिणेकडे न वळता ती आधी पूर्वेला लोणीकडे गेली आणि तिकडून सासवडच्या दिशेने वळली. पुढे डोंगर आडवा आला, तेव्हा दिलेरखानाला आघाडीची फौज आणि तोफा घेऊन आधी खिंडीपलीकडे पाठवण्यात आले. एकटा घोडेस्वार जवळची वाट धरू शकतो. तोफगाड्यांना मात्र वळसा परवडतो, खडा चढ परवडत नाही. पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आणि जून महिन्यात झालेल्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले.

सव्वादोनशे वर्षांनी रेल्वेनेही पूर्वेचीच बाजू धरली. सदर्न मराठा रेल्वेचा पुण्याहून मिरजेकडे जाणारा मीटरगेज मार्ग १८९० च्या सुमारास सुरू झाला. तो फुरसुंगी आणि आळंदी स्थानकांवरून शिंदवण्याजवळ वळणे घेत डोंगर चढतो आणि आंबळे, राजेवाडी करत जेजुरीला पोहोचतो. चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी असल्याने आगगाडीला बैलगाडीइतकाही चढ सोसत नाही. म्हणून अंतर वाढले तरी चालेल, पण चढ मंद हवा, हा हिशेब इथे निर्णायक ठरला. परिणामी सासवड गाव रेल्वेच्या वाटेवर आलेच नाही. ‘सासवड रोड’ नावाचे स्थानक आहे, पण ते डोंगराच्या पुण्याकडच्या बाजूला, गावापासून कितीतरी दूर. १९७१ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी वाट तीच राहिली.

या घाटांपैकी दिवे घाट महाराष्ट्राच्या मनात आहे तो पालखीमुळे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिले. पुणे ते सासवड हा त्या वारीतला सर्वांत लांब टप्पा असून त्याच्या शेवटी, पाय थकलेले असताना, हा घाट येतो. रथाच्या नेहमीच्या बैलजोडीला इथे पुढे आणखी जोड्या जुंपाव्या लागतात. भरलेल्या गाडीला चढणीवर किती जास्त ताकद लागते, हे त्या बैलांकडे पाहून जितके समजते तितके कोणत्याही कोष्टकातून समजत नाही. सासवड ही संत सोपानदेवांची समाधिभूमी असल्याने माउलींची वाट इकडून जाणे स्वाभाविक आहे. तुकोबांची पालखी मात्र लोणी काळभोर, यवत अशी डोंगराच्या उत्तरेने पुढे जाते आणि दिवे घाट टाळते.

कात्रजचा रस्ता तयार होण्याआधी पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी बरीचशी रहदारी सासवड, जेजुरी, नीरा या बाजूने होत असे. एकोणिसाव्या शतकात कात्रजचा डोंगर बोगद्याने फोडला गेला आणि सातारा रस्ता पश्चिमेला सरकला. सासवडच्या घाटांवरचा दूरच्या प्रवासाचा भार त्यामुळे हलका झाला. मागे उरली ती तालुक्याची रहदारी: बाजाराला येणारे शेतकरी, जेजुरीला निघालेले भाविक, पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे घेऊन पुण्याच्या बाजारात जाणाऱ्या गाड्या.

सायकल या इतिहासात उशिरा आली. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कामगार, कारकून, विद्यार्थी आणि प्राध्यापक सगळेच सायकलवर असत आणि ज्याच्याकडे स्वतःची नसे तो तासावर भाड्याने घेई. या सायकली बिनगिअरच्या आणि वजनदार असत. शहराच्या सपाटीवर त्या उत्तम चालत, पण घाटात बहुतेकांना खाली उतरून त्या ढकलत न्याव्या लागत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी वीसास एक, म्हणजे किलोमीटरमागे पन्नास मीटर, हा चढ भारतीय रस्ते-अभियांत्रिकीत सर्वसाधारण मर्यादा मानला जातो. सायकल आणि स्वार मिळून पंच्याऐंशी किलो वजन धरले, तर अशा चढावर ताशी दहा किलोमीटरचा वेग राखायला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ११५ वॅट लागतात. चाकांचे घर्षण आणि वारा याहून वेगळे. निरोगी माणूस हे काही काळ करू शकतो, पण त्यासाठी पायडल हलके फिरले पाहिजे. गिअरच्या सायकली सर्रास मिळू लागल्यावर ते शक्य झाले आणि घाट चढणे हाच रविवारच्या सकाळचा आनंद झाला.

सायकलस्वाराची निवड मुख्यतः दिवे आणि बोपदेव या दोन घाटांत होते. हडपसर, उरुळी देवाची, वडकी अशी वाट दिवे घाटाला लागते. चढण साधारण चार किलोमीटरची, रस्ता रुंद आणि वळणे मोकळी. नव्या माणसाला लय सापडते ती इथेच. अडचण आहे ती वाहनांची. हा रस्ता आता पालखी महामार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ चा भाग आहे आणि घाटाच्या रुंदीकरणासाठी डोंगर कापला जात आहे. ट्रक, एसटी आणि डंपर यांच्या रांगेत हळू चढणारी सायकल कडेला दाबली जाते. पावसाळ्यात कापलेल्या कड्यावरून दगड सुटतात. घाट पहाटे, उजाडताच चढला तर यातला बराचसा धोका टळतो.

बोपदेवची वाट कोंढवा, येवलेवाडीवरून सुरू होते आणि घाटमाथ्यानंतर बोपगाव, भिवरी, चांबळी करत सासवडला उतरते. अवजड वाहने इथे कमी असतात, वरचा मुलूख शेतांचा आणि शांत आहे, कानिफनाथाचा डोंगर बाजूला दिसत राहतो. पण चढ जास्त अंगावर येणारा आणि वळणे आवळलेली. परतताना याच वळणांवर खरी कसोटी लागते. सतत दाबून धरलेल्या ब्रेकमुळे रिम तापते, वळणावर खडी पसरलेली असते आणि समोरून येणारे वाहन उशिरा दिसते. जाणते सायकलस्वार म्हणून वळणाच्या आधी ब्रेक मारून वेग उतरवतात आणि वळणात ब्रेक मोकळे ठेवतात. संध्याकाळनंतर हा घाट निर्मनुष्य होतो. एकट्याने तेव्हा जाऊ नये.

ज्यांच्याकडे दिवस मोकळा आहे त्यांना जुना कात्रज घाट, कापूरहोळ, केतकावळे, नारायणपूर असा पुरंदरच्या पायथ्याचा लांबचा रस्ता आहे. तो दिवे घाटाच्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट भरतो. महामार्गाच्या नव्या बोगद्यात सायकल घालणे धोक्याचे असल्याने जुना घाटच धरावा लागतो. शिंदवणे घाट उरुळी कांचनहून सासवडला येतो. पुण्याहून तिथवर पोहोचायला सोलापूर महामार्गावरून बरेच अंतर जावे लागते, म्हणून तो सहसा परतीच्या वाटेसाठी निवडला जातो.

आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि सारी रहदारी बोपदेव व कात्रज-कापूरहोळ मार्गाने वळवली जाते. एरवी शांत असलेला बोपदेव त्या दिवशी गाड्यांनी भरतो, तर दिवे घाटात सकाळपासून पायी चालणाऱ्यांखेरीज कोणी नसते.