रणांगणावरून मित्रास

पहिल्या महायुद्धाचा इतिहास आपल्या शालेय पुस्तकांत राजे, सेनापती आणि तह यांच्या नावांनी भरलेला असतो. त्या युद्धात फ्रान्सच्या भूमीवर उतरलेल्या हिंदी शिपायाने स्वतः काय पाहिले व काय सोसले, याची साक्ष त्याने गावाकडे धाडलेल्या पत्रांतच सापडते. त्यांतही वडिलांस लिहिलेल्या पत्रापेक्षा मित्रास लिहिलेले पत्र मला अधिक मोलाचे वाटते. वडिलांस मुलगा ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ एवढेच कळविणार; जिवलगाजवळ माणूस मन मोकळे करतो.

हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेय बंदरात उतरल्या. पुढे लढवय्ये व मजूर मिळून सव्वा लाखाहून अधिक हिंदी लोक त्या आघाडीवर गेले. आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या त्यांत होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर न्यूव्ह शापेल या गावावर चालून गेल्या. गाव हाती आले, पण टिकविता आले नाही. त्या एका दिवसात कंपन्यांचे बहुतेक सर्व गोरे अधिकारी ठार वा जखमी झाले.

अशा ठिकाणाहून पत्र लिहावयाचे म्हणजे काय? पुष्कळ शिपाई निरक्षर. मजकूर सांगावा आणि शिकलेल्या सोबत्याने तो उतरवून घ्यावा. मग पलटणीतील अधिकारी ते पाही. त्यानंतर बूलोन येथे कॅप्टन हॉवेल यांच्या कचेरीत उर्दू, हिंदी, गुरुमुखी, मराठी अशा नाना भाषांतील पत्रांची पुन्हा तपासणी होई. अखेर गावात मित्रासही वाचता येत नसेल, तर ते शाळामास्तरांकडे जाई. (पत्र वाचून दाखविताना कोणती ओळ हळू वाचावी, हे आमच्या पेशात कोणी शिकवीत नाही, ते आपोआप कळते.) एवढ्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कागदावर गुपित ते कसले राहणार!

तरीही शिपाई लिहीत होते, आणि तपासणी होते हे ठाऊक असून लिहीत होते. कोणी भारती युद्धाची उपमा देई. कोणी कापणीनंतर शेतात पडलेल्या पेंढ्यांसारखी प्रेते पडली आहेत, असे सांगे. हा शेतकऱ्याचाच डोळा. एकाने काळी मिरी संपत आली असून आता लाल मिरची वापरात येत आहे, अशा अर्थाचे लिहिले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे उलगडावयास तपासनिसास फारसा वेळ लागला नाही. कोणी मागे राहिलेल्यांस भरती होऊ नका, असे सुचवीत. दुसरीकडे फ्रेंच म्हातारीने पोटच्या मुलाप्रमाणे जेवू घातल्याच्या, तेथील शिकलेल्या स्त्रिया पाहून आपल्याही मुलींस शाळेत घाला, असे कळविल्याच्याही नोंदी आहेत. पत्रांतून कविता वाढू लागल्या, तेव्हा हॉवेल यांनी ते अस्वस्थ मनाचे लक्षण मानले. परका असूनही त्या गृहस्थाने नाडी बरोबर ओळखली, असेच म्हणावे लागेल.

सरकारने हे उतारे जपले ते संशयापोटी. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि १९९९ साली डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परंतु तेथे आहे ते बहुतांशी इंग्रजी भाषांतर. मूळ पत्रे त्या त्या गावी गेली, आणि पुष्कळशी वाळवीने व पावसाने नेली. मराठी शिपायाने आपल्या सोबत्यास ‘गड्या’ म्हटले की ‘मित्रवर्य’, हे इंग्रजी कागदावरून कळत नाही.

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरातून त्या काळी कोणी पलटणीत गेले असेल, त्यांनी माळ्यावरच्या जुन्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. मोडी अक्षर वाचता येत नाही म्हणून कागद टाकून देऊ नये. वाचणारे अजून आहेत.