सात जणी आणि त्यांच्यानंतरच्या

१८ एप्रिल १९६६. मुंबईच्या सचिवालयावर त्या दिवशी एक मोर्चा गेला. मंत्रालय हे नाव त्या इमारतीला पुढे मिळाले. मोर्चा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोषणा देत चाललेली हजारोंची रांग उभी राहते. या मोर्चात बायका होत्या फक्त सात. सातही मुसलमान. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखा कायदा लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चा काढला होता चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा या सातांत होत्या.

सात हा आकडा ऐकून आजही कुणी हसेल. लाखांच्या सभांची सवय झालेल्या आपल्या राजकारणात सात माणसांना कोण विचारतो? पण त्या काळी मोहल्ल्यातली एखादी बाई तलाकबद्दल काजीपुढे तोंड उघडायलाही कचरत असे. घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, बाहेरची माणसे आपल्याला हसतील, हे आम्हाला घराघरांतून शिकवले गेले होते. त्या सात जणींनी घरातली गोष्ट थेट सरकारच्या दारात नेली. एकीने जरी मागे वळून पाहिले असते तरी सहाच उरल्या असत्या. गर्दीत लपायला जागा असते, सातांत नसते.

दलवाईंचे सगळेच विचार आम्हाला पटतात असे नाही. त्यांच्या हयातीतही ते पुष्कळांना पटले नाहीत. समान नागरी कायद्याची मागणी आज ज्यांच्या तोंडी आहे ते पाहता ती ऐकताच अनेकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती अकारण पडते असेही नाही. तरी त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या बायकांचा प्रश्न राजकारणाचा नव्हता. सकाळी भांडण होते, नवरा तीन शब्द उच्चारतो आणि दुपारी बाई पोरांसकट बापाच्या दारात उभी राहते. यात अल्लाची मर्जी कुठे आहे आणि नवऱ्याची कुठे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

या प्रश्नाला तेव्हा जे उत्तर मिळे ते आजही मिळते. शरियत बदलता येत नाही, हे ते उत्तर. इथे आम्हाला थोडे मागे जाऊन १९३९ सालची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

हनफी फिक्हनुसार बाईला स्वतःहून निकाहातून सुटणे जवळजवळ अशक्य होते. नवरा परागंदा झाला, तरी तिने वाट पाहत बसायचे. तो खायला घालीत नसला, तरी तिने निभवायचे. मग पंजाबातल्या काही बायकांनी एक भयंकर वाट शोधली. धर्म सोडला की निकाह तुटतो, म्हणून त्या धर्मच सोडू लागल्या. या बायकांची नावे कुणी जपली नाहीत. पण त्यांच्या त्या निर्वाणीच्या कृतीने उलेमा हादरले. देवबंदच्या परंपरेतले मोठे आलिम मौलाना अश्रफ अली थानवी यांनी मालिकी फिक्हचा आधार घेऊन या बायकांना सुटकेचा रस्ता काढून दिला. पुढे मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसेल, दोन वर्षे त्याने नान-नफका दिला नसेल, तो क्रूरपणे वागत असेल, तर बाईला न्यायालयाकडून निकाह मोडून मिळू लागला.

म्हणजे वाट निघत नाही असे नाही. बायकांनी जीव मुठीत धरून दार ठोठावले की विद्वानांनाही किताब पुन्हा उघडावे लागते आणि त्यात वाट सापडते.

१९६६ च्या सात जणींमागे मात्र आलिम उभे राहिले नाहीत. उभी राहिली ती साधी माणसे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. सत्यशोधक हा शब्द महात्मा फुल्यांचा, आणि तो जाणूनबुजून घेतलेला. मंडळात सय्यद महबूब शहा कादरी होते. महाराष्ट्र त्यांना सय्यदभाई म्हणून ओळखतो. त्यांच्याजवळ ना मोठ्या घराण्याचा आधार होता, ना पदव्या. लहान वयातच त्यांनी पुण्यात पेन्सिलच्या कारखान्यात काम केले. बहिणीला तोंडी तलाक मिळाला, ती घरी परत आली, आणि या भावाला प्रश्न पडला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्या एका प्रश्नामागे घालवले. आत्मकथनाला त्यांनी ‘दगडावरची पेरणी’ असे नाव दिले. त्यात तक्रारही आहे आणि चिकाटीही. दगडावर पेरायचे, उगवणार नाही हे माहीत असून पेरायचे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ते गेले.

मंडळाने १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. दुसऱ्या बाजूनेही हालचाल सुरू झाली. दत्तक विधेयकाच्या निमित्ताने १९७२ च्या डिसेंबरात मुंबईत मोठे अधिवेशन झाले आणि १९७३ मध्ये हैदराबादला मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झाले. एकीकडे देशभरातल्या मसलकांचे बडे धुरीण, आणि दुसरीकडे पुण्या-कोल्हापुरातले कामगार, शिक्षक, तलाकपीडित बायका. बळाची तुलनाच नको.

मग आली इंदूरची शाहबानो. तिचा निकाह १९३२ चा. तीन मुलगे, दोन मुली. ४३ वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये वकील नवऱ्याने तिला घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये तिने दरमहा ५०० रुपयांसाठी अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक देऊन टाकला. मॅजिस्ट्रेटने तिला किती मंजूर करावेत? महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. त्या एवढ्याशा रकमेविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी निकाल शाहबानोच्या बाजूने लागला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. देशभर मोर्चे निघाले. दीन खतरे में है अशी हाक उठली. त्याच वर्षी सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा नेला आणि वाटेत आपल्याच लोकांचा विरोध सोसला. नोव्हेंबर १९८५ मध्ये खुद्द शाहबानोने अंगठा उठवून निकाल नाकारत असल्याचे जाहीर केले. १९८६ मध्ये संसदेने कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली.

शाहबानोच्या त्या अंगठ्याबद्दल पुष्कळांनी तिला दुबळी म्हटले. आम्हाला तसे म्हणवत नाही. साठी उलटलेली, लिहिता न येणारी बाई सात वर्षे एकटी लढली. मोहल्ला तोच, शेजार तोच, कबरस्तानही तेच. अवघी कौम दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या पाठीशी किती जण होते, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारावा. धाडस एकट्याने सुरू करता येते. ते टिकवायला सोबत लागते. ती आम्ही दिली नाही.

तरी तिने पेरलेले वाया गेले नाही. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्याच कायद्याचा अर्थ असा लावला की, इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बाईच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. आणि २००२ मध्ये आपल्या औरंगाबादच्या खंडपीठात एक निवाडा झाला. त्या शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. बाईचे नाव रहीमबी पठाण. नवऱ्याचे म्हणणे, मी तलाक दिला आहे. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले, नुसते म्हणून चालणार नाही. तलाकला वाजवी कारण हवे, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सारे सिद्ध करता आले पाहिजे.

हे मध्यस्थ न्यायाधीशांनी कुठून आणले? सूरह निसामधून. नवरा-बायकोत बेबनाव झाला तर त्याच्या घरातला एक आणि तिच्या घरातला एक असे दोन पंच नेमा, हा हुकूम तिथलाच आहे. आम्ही तिलावत करीत होतो, अमल करीत नव्हतो. रहीमबीच्या खटल्यात न्यायालयाने तो अमल मागितला. म्हणून शाहबानोइतकेच हे नाव आपल्या मुलींना माहीत असायला हवे, आणि ते मराठी मुसलमानांच्या घरांतही क्वचितच ऐकू येते.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एकाच वेळी तीनदा दिलेला तलाक अवैध ठरवला. अर्ज होता काशीपूरच्या शायराबानोचा, आणि तिच्याबरोबर जयपूर, हावडा, रामपूर, सहारनपूरच्या बायका होत्या. सचिवालयावरच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती. मेहरुन्निसा दलवाई त्याच वर्षी, हा निकाल लागण्याआधीच, गेल्या.

२०१९ मध्ये सरकारने कायदा करून अशा तलाकला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. नवरा तुरुंगात गेल्यावर नान-नफका द्यायचा कुणी, आणि दुसऱ्या कुठल्या समाजात बायको सोडणे हा असा गुन्हा आहे, हे प्रश्न आमच्यातल्या पुष्कळांनी विचारले. ते रास्तच आहेत. पण त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. १९६६ मध्ये सात बायका दारात आल्या तेव्हा आम्ही आमच्या जमातीत हा प्रश्न सोडवला असता, तर तो दुसऱ्यांच्या हाती गेला असता का? घरातले भांडण घरात मिटवले नाही की पंच बाहेरचा येतो, आणि मग तो आपल्या मर्जीचा असेलच असे नाही.

अजून पुष्कळ काम उरले आहे, आणि त्याला मोर्चाही लागत नाही. निकाहनाम्यात अटी घालता येतात. नवरा आपला तलाकचा हक्क बायकोला सुपूर्द करू शकतो. तफवीज म्हणतात त्याला, आणि ते शरियतलाही मान्य आहे. मेहर नुसती कागदावर न ठेवता त्याच मजलिसीत मुलीच्या हाती देता येते. पण निकाहाच्या वेळी काजीसाहेबांसमोर बसलेला मुलीचा बाप हे बोलत नाही. मांडवात पाहुणे आहेत, बिर्याणीचे देग उतरले आहेत, आता कशाला अपशकुनी बोलायचे, असे त्याला वाटते.

त्या क्षणी त्याने घसा खाकरून म्हणावे, काजीसाहेब, एक अट लिहायची आहे. मांडवात शांतता पसरेल. दहा जण वळून पाहतील. सात जणींना तर सारे शहर पाहत होते.