मेंढी, माती आणि पाऊस : हटकर धनगरांच्या स्थलांतराची परंपरा

दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरडा राहिलेला पट्टा, हा धनगरांमधील हटकर या पोटजातीच्या मेंढपाळीचा मूळ आधार होय. दमट हवेत व चिखलात मेंढ्यांचे खूर कुजत असल्याने पावसाळा माणदेशासारख्या कोरड्या भागात घालवावा आणि दिवाळीच्या सुमारास चारा सरू लागला की काही वाड्यांनी, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या गटांनी, घाट उतरून कोकणात जावे, असा क्रम रूढ झाला. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवल्या जात. त्यांच्या लेंड्या व मूत्र यांमुळे पावसाने धुपलेल्या जमिनीला नत्र व सेंद्रिय द्रव्य मिळे, मेंढ्यांना चारा मिळे आणि धनगरांना मोबदल्यात धान्य मिळे.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास ‘परिस्थितिकीय कोनाडा’, म्हणजे परिसरातील साधनांच्या वापरात प्रत्येक समूहाचे असलेले विशिष्ट स्थान, या संकल्पनेच्या आधारे केला. हटकरांकडे मेंढ्या, खुटेकरांकडे लोकरीचे विणकाम आणि घाटमाथ्यावरील गवळी धनगरांकडे म्हशी, अशी ही विभागणी असल्याने स्पर्धा मर्यादित राहिली.

रासायनिक खते, बागायती व कुरणांचा संकोच यांमुळे मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यातील देवाणघेवाणीची ही साखळी आज क्षीण झाली आहे; परंतु पशू, पीक आणि माती यांचे पोषण परस्परांवर अवलंबून असते, हे सत्य तिने पिढ्यानपिढ्या प्रत्यक्ष व्यवहारात सिद्ध केले आहे.